परुळेकरबाईंचे मोठे अक्षर

परुळेकरबाई वाकत नसत. स्वभावाचे पुढे येईलच. येथे मी केवळ पाठीबद्दल बोलतो आहे. टेबलावरचा कागद वाचायचा असला की त्या तो उचलून डोळ्यांशी आणीत. डोळे कागदाकडे नेत नसत. चष्म्याच्या काचा जाड होत्या आणि त्यांच्यामागचे डोळे लहान, दूर कुठेतरी ठेवल्यासारखे दिसत. कागद नाकापासून वीतभर, पाठ सरळ, पाय जमिनीवर जुळवलेले, अशी त्यांची बैठक मी अनेक वर्षे शेजारच्या टेबलावरून पाहिली. एकदा कोणी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद हलका आहे, मी जड आहे. जो हलका आहे त्याने यावं."

मुलुंडला आमचा औषधांचा कारखाना होता. त्याच्या स्टोअर्स विभागात आम्ही पाचसहा जण कच्च्या मालाचा साठा पाहत असू. कोणते द्रव्य किती पिंपे शिल्लक आहे, काय मागवायचे, कोणत्या खात्याला काय द्यायचे, एवढेच काम. पण त्यात चूक झाली तर पुढचे सगळे अडत असे. बाई विभागात सर्वांत जुन्या. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. वडील लालबागच्या गिरणीत होते. स्वतः भांडुपला एका खोलीत एकट्या राहत. लग्न केले नव्हते. त्याचे कारण त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही.

त्या प्रेमळ नव्हत्या. हे आधीच सांगितलेले बरे, कारण गेलेल्या माणसाला प्रेमळ ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. डबा एकट्या खात. खणात एक चांगले भिंग होते, ते कोणी मागितले तर "तुमचं तुम्ही घ्या" असे उत्तर मिळे. गिचमिड अक्षरात लिहिलेला कागद आला की तो न वाचता परत जाई, मग तो साहेबांचा का असेना. "मी वाचायला बसल्ये, ओळखायला नाही," असे त्या म्हणत. हे वाक्य विभागात सर्वांना पाठ होते आणि कदम त्यांची नक्कल करून ते म्हणून दाखवी.

कदम घाटकोपरचा. तोंडाळ, हसरा, चाळिशीच्या आसपासचा, केसांना रोज न चुकता तेल लावून नीट भांग पाडणारा. त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले, तेव्हा त्याने सर्वांना पत्रिका वाटल्या. गर्द लाल कागद, त्यावर सोनेरी, वेलबुट्टीसारखी वळलेली अक्षरे. बाईंनी पत्रिका खिडकीकडे धरली, तिरकी केली, उलटी केली आणि कदमच्या हातात परत दिली.

"नीट छापून आण. मग येईन."

"अहो बाई, पत्रिका कोण वाचतं? हॉल माहितीये ना तुम्हाला? तारीख मी सांगतो."

"कोणी वाचत नाही, तर छापलीस कशाला?"

"सगळे छापतात यार..." एवढेच कदमला म्हणता आले. त्याच दुपारी त्याने एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात हॉलचा पत्ता आणि मुहूर्त लिहून बाईंच्या टेबलावर ठेवला. बाई लग्नाला आल्या. मुहूर्ताच्या आधी आल्या.

दुसरी हकिकत जुहूची. कंपनीला काही मोठे काम मिळाले म्हणून विभागाला एका हॉटेलात जेवण होते. आत मंद दिवे होते. प्रत्येकाच्या हातात जाडजूड पुठ्ठ्यात बांधलेली पदार्थांची यादी दिली गेली आणि सर्वांनी ती गंभीरपणे पाहिली. मग एकाने पनीर सांगितले. बाकीच्यांनीही पनीर सांगितले. वेटर बाईंपाशी आला.

"दिवा आणा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, इधर ऐसाच लाइट असतो. अ‍ॅटमॉस्फिअर आहे."

"काळोखात बसून जेवायला मी काय चोरी केल्ये? दिवा आणा, नाहीतर तुम्ही मोठ्याने वाचा. सगळं. पहिल्यापासून."

त्याने वाचायला सुरुवात केली. दोन पानांनंतर हॉटेलच्या व्यवस्थापकाने टेबलावरचा दिवा आणवला. दिवा आल्यावर कळले की यादीत सुरमई होती, बांगडा होता. टेबलावर बाईंखेरीज कोकणातली चार माणसे होती आणि त्या सगळ्यांनी पनीर सांगून टाकले होते. बाईंनी बांगडा मागवला आणि कोणाकडेही न पाहता खाल्ला.

हे दोन प्रसंग सांगितले, कारण पुढे जे झाले ते यांच्याच जातीचे होते. फक्त त्या वेळी त्यात त्यांची जागा पणाला लागली होती.

ऐंशीचे दशक उतरणीला लागले होते. कारखान्यात संगणक आले. तीन यंत्रे. त्यांच्यासाठी काचेच्या भिंतींची वातानुकूलित खोली बांधली गेली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. संध्याकाळी यंत्रांवर शिवलेली आच्छादने घालायची. आमच्या साठ्याची सगळी कार्डे त्या यंत्रांत गेली आणि आम्हाला सांगण्यात आले की यापुढे साठा पडद्यावर वाचायचा.

पडदा काळा होता आणि त्यावर हिरवी अक्षरे होती. बारीक, फिकट, कडेला थरथरणारी. एका ओळीत इतकी दाटलेली की मालाचे नाव एका टोकाला आणि शिल्लक दुसऱ्या टोकाला. मधल्या गर्दीतून नजर नेताना ओळ सुटे आणि वरच्या मालाची शिल्लक खालच्या मालाच्या नावे वाचली जाई.

प्रशासन अधिकारी कर्णिक यांनी ही यंत्रे आणवली होती. कर्णिक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना सर्व गोष्टी एकसारख्या लागत. सर्व टेबले एका रेषेत, सर्व फायली एका रंगात. यंत्राच्या पडद्याखाली उजेड कमीजास्त करण्याची दोन बटणे होती. कोणी त्यांना हात लावू नये म्हणून कर्णिकांनी तिन्ही यंत्रांच्या बटणांवर जखमेला लावतात तसली पांढरी चिकटपट्टी लावून टाकली. "कंपनीने जसं पाठवलं आहे तसंच राहील," असे त्यांनी सर्वांना सांगितले.

पहिल्याच आठवड्यात, बाई ज्यावर बसत त्या तिसऱ्या यंत्राची पट्टी निघालेली होती आणि अक्षरांचा उजेड वाढलेला होता. काढलेली पट्टी कर्णिकांना त्यांच्याच केबिनमध्ये मिळाली. ती पंख्याच्या रेग्युलेटरवर आडवी चिकटवलेली होती. त्यांनी बाईंना बोलावले. दार उघडेच होते. आम्ही सर्वांनी ऐकले.

"हा काय प्रकार आहे?"

"पंखा कंपनीकडून आला तेव्हा ज्या आकड्यावर होता त्यावरच राहावा, म्हणून लावली."

"पंख्याचा इथे काय संबंध?"

"तुम्हाला उकडलं की तुम्ही बटण फिरवता. मला दिसलं नाही की मी फिरवते."

कर्णिकांनी पट्टी काढली. पंखा सुरू ठेवला. तिसऱ्या यंत्राच्या बटणांना पुन्हा पट्टी लावली गेली नाही.

परंतु उजेड वाढल्याने अक्षर मोठे होत नाही. बाईंना ते वाचता येईना. खरे म्हणजे नाक पडद्याला लावले असते तर वाचता आले असते. हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. यंत्रांची देखभाल करायला अंधेरीहून मेहता नावाचा एक इंजिनिअर येई. गुजराती, पण बोलणे अस्सल मुंबईचे. त्याने हाच उपाय सुचवला.

"बाई, थोडं पुढे सरका ना. झकास दिसेल."

"दिसेल. माहीत आहे मला. म्हणजे दिवसभर नाक काचेला लावून बसू? मी काय मिठाईच्या दुकानाबाहेरचं पोर आहे?"

"पण बाई, काय करणार? हे डिफॉल्ट आहे."

"म्हणजे काय?"

मेहताने थोडा विचार केला. "म्हणजे असं, की मशीनला कोणी काही सांगितलंच नाही, तर ते आपल्या मनाने जे करतं ते."

"बरं. म्हणजे अजून कोणी सांगितलेलं नाही."

"नाही."

"मग मी सांगत्ये. अक्षर मोठं कर."

मेहता हसला. मग त्याचे हसू थांबले, कारण बाई हसत नव्हत्या. त्याने खुर्ची ओढली, कळफलकावर एक लहानशी आज्ञा लिहिली आणि शेवटची कळ दाबली. पडदा क्षणभर काळा झाला. मग अक्षरे आली, ती रुंद, दुप्पट अंगाची. ऐंशीच्या जागी ओळीत चाळीसच मावत होती.

"बघा. पण आपला प्रोग्राम यात बसणार नाही. ओळी तुटतील. सगळी वाट लागेल. नीट बसवायचं तर एका पानाची दोन पानं करायला लागतील, प्रत्येक वेळी निम्मंच दिसेल."

"निम्मं दिसू दे. जे दिसेल ते वाचता येईल. आत्ता पूर्ण दिसतंय आणि काही वाचता येत नाही."

मेहताने ते करून दिले. का केले, हे मला सांगता येणार नाही. बाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नव्हता. पुढच्या खेपांना तो आला तेव्हा आमच्या कामाची पाने त्याने मोठ्या अक्षरांसाठी नव्याने मांडून दिली. मालाचे नाव आणि शिल्लक शेजारी शेजारी आली. एक अडचण मात्र राहिली. यंत्र बंद केले की त्याला सांगितलेले काही आठवत नसे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बारीक अक्षरांवर उभे असे. ही आज्ञा यंत्रात कायमची लिहून ठेवता आली असती, पण त्याला कर्णिकांची परवानगी लागत होती आणि ती मिळाली नाही. म्हणून बाई रोज सकाळी येत, चपला काढीत, तिसऱ्या यंत्राचे आच्छादन घडी करून ठेवीत आणि चहाच्या आधी ती आज्ञा लिहीत.

कदम दारातून ओरडे, "बाई, काल सांगितलं होतं ना त्याला?"

"ते कालचं. आजचं आज सांगायचं."

कर्णिकांना हे रुचले नाही. दोन यंत्रांवर एक प्रकारचे पान आणि तिसऱ्यावर दुसऱ्या प्रकारचे, ही गोष्ट त्यांना रेषेबाहेर ठेवलेल्या टेबलासारखी खुपत असावी. त्यांनी बाईंना डोळे तपासून घ्यायला सांगितले. घाटकोपरला कंपनीच्या ठरलेल्या डॉक्टरांकडे त्या गेल्या. तेथील हकिकत त्यांनी स्वतः सांगितली, आणि त्या स्वतः काही सांगत असल्याचा तो एकमेव प्रसंग मला आठवतो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. बाईंनी वरच्या काही ओळी वाचल्या आणि थांबल्या. डॉक्टर म्हणाले, "पुढची सांगा. अंदाजाने सांगा." बाई म्हणाल्या, "अंदाज मी सांगत नाही." डॉक्टर म्हणाले, "सगळे सांगतात हो." बाई म्हणाल्या, "तो तक्ता छापणाऱ्यालासुद्धा कळलं होतं की सगळ्यांना एकच अक्षर पुरत नाही. म्हणून वरचं मोठं केलंय त्याने. तुम्ही आमच्या साहेबांना एवढंच कळवा."

डॉक्टरांनी कळवले ते वेगळे. बाईंचे डोळे यंत्रावरच्या कामाला योग्य नाहीत, असे कळवले. कर्णिकांनी निर्णय दिला: दिवाळीनंतर परुळेकरबाई मानखुर्दला.

मानखुर्दला कंपनीचे गोदाम होते. पत्र्याचे छप्पर, एक टेबल आणि फाटक. फाटकातून येणाऱ्याजाणाऱ्या गाडीच्या कागदावर शिक्का मारायचा. तेथे वाचायचे काही नव्हते आणि ठरवायचेही काही नव्हते. ज्याला कामावरून काढता येत नसे आणि ठेवायचेही नसे, त्याची रवानगी तेथे होई. बहुतेक जण काही महिन्यांत स्वतःच राजीनामा देत. बाईंना निर्णय सांगितला गेला. आपल्या जागेवर आल्या. मग भिंतीकडे पाहत, पण आम्हाला सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी मानखुर्दाक जावचंय नाय." रागावल्या की त्या मालवणीत जात. त्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नसे.

या निर्णयाचा एक परिणाम असा झाला की आम्ही बाकीचे अगदी गप्प झालो. विभागात बहुतेक जण चाळिशी ओलांडलेले. बऱ्याच जणांना वाचायला चष्मा लागला होता. ती चाळिशी आतापर्यंत घरी लावली जाई, ती आता घरून निघताना पँटच्या खिशात जाऊ लागली आणि खिशातच राहू लागली. डोळ्यांचे नाव निघाले की मानखुर्द. पडद्यापुढे माना लांबल्या. कोणता माल कोठे दिसतो हे सवयीने माहीत झाले होते. आकडा मात्र ओळखावा लागे. तीन की आठ, पाच की सहा. माणूस क्षणभर डोळे बारीक करी आणि निश्चयाने एक आकडा सांगे.

अशात खंडेनवमी आली. आमच्या कारखान्यात त्या दिवशी सर्व यंत्रांची पूजा होई: गोळ्या पाडायच्या यंत्रांची, तराजूंची, टंकलेखन यंत्रांचीसुद्धा. संगणकांची पहिलीच पूजा म्हणून ती कर्णिकांनी स्वतः केली. अनवाणी, हातात ताम्हण. झेंडूची माळ प्रत्येक यंत्रावर चढली. मग त्यांनी ओले कुंकू बोटाने प्रत्येक पडद्याच्या काचेवर लावले, वर अक्षता चिकटवल्या. मेहता दारात उभा होता. "साहेब, काचेवर नको, साहेब!" असे तो म्हणाला, पण तोवर घंटा वाजू लागली होती.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर माळा निघाल्या. कुंकू राहिले. साहेबांनी स्वतः लावलेले, देवीचे. ते पुसायचे कोणी? पुसण्यात काही अशुभ आहे असे कोणी म्हटले नाही; फक्त कोणी पुसले नाही. पहिल्या आणि दुसऱ्या यंत्रावर लोक त्या वाळलेल्या डागाभोवतीने वाचू लागले. बाईंनी मात्र आल्या आल्या तिसऱ्या यंत्रापुढे हात जोडले, डोळे मिटले, मग पदराचे टोक ओले करून काच स्वच्छ पुसली.

"बाई!" कदम दचकला. "देवीचं आहे!"

"नमस्कार केलाय तिला. आता तिने जरा बाजूला व्हावं. काम आहे."

दिवाळीला थोडे दिवस उरले असताना दुपारी फाटकात एक ट्रक लागला. लॅक्टोजची पाच पिंपे आली होती. ती ठेवायला जागा नव्हती, कारण आत आधीच आठ होती. पिंपे काचेच्या खोलीबाहेरच्या वाटेत एका रेषेत उभी करण्यात आली. रेषा सरळ होती, तरी कर्णिकांना ती आवडली नाही. मागणी कोणी केली? कदमने केली होती. पहिल्या यंत्रावर तीन पिंपे शिल्लक दिसत होती, म्हणून पाच मागवली.

कर्णिकांनी सर्वांना काचेच्या खोलीत उभे केले. आम्ही सगळे अनवाणी. कर्णिकांनीही बूट बाहेर काढले होते आणि त्यांच्या मोज्यातून उजव्या पायाचा अंगठा बाहेर आला होता. त्याकडे पाहणे आम्ही टाळत होतो.

"कदम, शिल्लक तीन कुठे होती?"

"साहेब, इथे, बघा ना. इथे कुंकू आहे. कुंकवाखाली आकडा अर्धा झाकलाय. म्हणून घोटाळा झाला."

"मग पुसलं का नाहीस?"

"तुम्ही लावलेलं साहेब... देवीचं. कसं पुसणार?"

कर्णिकांचे कान लाल झाले. त्यांनी रुमाल काढला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि काच पुसली. डाग निघाला. आकडा पूर्ण उघडा झाला.

"आता वाच."

कदमने मान पुढे केली. आणखी पुढे केली. "तीन," तो म्हणाला.

कर्णिकांनी कदमकडे पाहिले. कदमने जमिनीकडे पाहिले. तेव्हा मागून बाई बोलल्या.

"त्याला दिसत नाही, साहेब."

"परुळेकरबाई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तो निकालात निघाला आहे."

"निघालेला नाही. मी इथे उभी आहे." त्या पुढे आल्या. लोकांनी वाट दिली. "पहिल्या दिवसापासून सांगत्ये. ह्या अक्षरात माका दिसणा नाय. मला दिसत नाही, म्हणून मी म्हटलं, दिसत नाही. त्याबद्दल तुम्ही मला मानखुर्द दिलंत. ज्यांना दिसत नाही आणि दिसतंय म्हणतात, त्यांना तुम्ही इथे ठेवलंत. बाहेर पिंपं उभी आहेत, मोजून घ्या."

"म्हणजे? आणखी कोणाला दिसत नाही?" कर्णिकांनी सर्वांवरून नजर फिरवली.

चाळिशा खिशातच राहिल्या. बाईंनी मागे वळूनही पाहिले नाही. "साहेब, आधी तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तुम्ही आणवलंत ना यंत्र? ती ओळ. शेवटचा आकडा."

कर्णिक यंत्रापुढे वाकले. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग गुडघ्यांवर हात ठेवून आणखी वाकले. नाक काचेला टेकायचे राहिले. एका गंभीर, टापटीप माणसाला असे पाहणे आम्हाला अवघड वाटत होते. बाई त्यांच्या शेजारी सरळ उभ्या होत्या.

तेवढ्यात कदमने खिशात हात घातला. चाळिशी काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि नाकावर ठेवली. त्याच्या त्या नीट भांग पाडलेल्या डोक्याखाली ती अगदी परकी दिसली.

"आठ आहे, साहेब," तो म्हणाला. "च्यायला. आठच आहे."

मग दुसऱ्याने काढली. मग तिसऱ्याने. मीही काढली. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

कर्णिक सरळ झाले. त्यांनी रुमालाची घडी घातली आणि ती पुन्हा उलगडली.

"अक्षर... जरा फिकट आहे," ते म्हणाले.

"बारीक आहे," बाई म्हणाल्या.

"बारीक आहे."

"तिसऱ्यावर या."

तिसऱ्या यंत्रावर लॅक्टोजची ओळ काढण्यात आली. तो आकडा दारातून दिसत होता. कर्णिकांनी तो न वाकता वाचला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. ज्याला हवं असेल त्याने सकाळी आपल्यापुरती ती आज्ञा द्यावी. यंत्रात कायमचं काही लिहायचं नाही. मूळ आहे ते मूळच राहील." दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि बाई, तुमचं ते मानखुर्दचं राहू द्या."

"राहू द्या नाही. रद्द म्हणा."

"रद्द."

"मोठ्याने म्हणा, साहेब. सगळ्यांना ऐकू दे."

कर्णिकांनी मोठ्याने म्हटले. मग बूट घालायला बाहेर गेले.

हा विजय होता असे कदम म्हणे. बाई तसे म्हणत नसत. यंत्र रोज रात्री विसरत होते आणि रोज सकाळी बारीक अक्षरावर उभे राहत होते. त्याला बाईंच्या मते विजय म्हणत नाहीत. त्यांनी कर्णिकांकडे पुन्हा पुन्हा मागणी केली की मोठे अक्षर हेच मूळ करावे आणि ज्यांना बारीक हवे त्यांनी सकाळी आज्ञा द्यावी. कर्णिकांनी ते कधी मान्य केले नाही. बाईंनी मागणे कधी सोडले नाही. एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलत दोघांनी हे काही वर्षे चालवले. मधल्या काळात पहिल्या आणि दुसऱ्या यंत्रांवरही सकाळी आज्ञा दिली जाऊ लागली. बाईंनी ती कोणाला शिकवली नाही. कोणी विचारले तर म्हणत, "मी लिहिते तेव्हा बघा. अक्षर मोठं आहे, दिसेल."

भिंगही त्यांनी शेवटपर्यंत कोणाला दिले नाही.

त्यांच्या निवृत्तीचा निरोपसमारंभ कँटीनमध्ये झाला. शाल, श्रीफळ, बटाटेवडे. कर्णिक बोलले, नेमके आणि थोडे बोलले. मानपत्र कदमने छापून आणले होते. पांढरा कागद, काळी, ठसठशीत, कोणतीही वेलबुट्टी नसलेली अक्षरे, ओळींमध्ये भरपूर जागा. ते वाचून दाखवायला तो उभा राहिला, तेव्हा बाईंनी हात पुढे केला. कागद घेतला. नाकाशी नेला नाही. हातभर अंतरावर धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मनात वाचला. कँटीन ताटकळत राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली.

"वाचता येतं," त्या कदमला म्हणाल्या.

कदमने तोंड फिरवले आणि वड्यांची व्यवस्था पाहायला गेला.

लोक पांगू लागले. बाई दिसेनात. मी विभागाकडे परत आलो. काचेच्या खोलीबाहेर त्यांच्या चपला होत्या, जुळवून ठेवलेल्या. आत तिसरे यंत्र सुरू होते. शाल खुर्चीच्या पाठीवर, नारळ कळफलकाशेजारी. दिवसाची काही नोंद राहिली असावी. ती राहिलेली ठेवून जाणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. पाठ सरळ, पाय जुळवलेले. पडद्यापासून हातभर दूर.

मी आत गेलो नाही. माझी चाळिशी टेबलावर राहिली होती. तरी काचेबाहेरून, त्यांच्या खांद्यावरून, मला ती ओळ वाचता आली. लॅक्टोज. आठ पिंपे.